आत काय आहे?

पुण्यात थंडी पडते हे विधान वर्षातले फार तर तीन आठवडे खरं असतं. बाकीच्या काळात ती पेपरात पडते. ‘पुणे गारठले’ अशी बातमी वाचून आपण कपाटातला स्वेटर काढतो, आणि त्याचा डांबराच्या गोळ्यांचा वास जाईपर्यंत थंडी गेलेली असते. पण काही माणसांना असलं बेसावध जगणं मंजूर नसतं. कोजागरीचं दूध आटवता आटवताच ती जानेवारीतल्या पहाटेची काळजी करायला लागतात. आमच्या घरात या पंथाचे एकमेव पण कडवे अनुयायी म्हणजे आमचे भाऊजी, माझ्या ताईचे यजमान.

भाऊजी भोसरीतल्या एका कारखान्यात जन्मभर क्वालिटी कंट्रोलला होते. त्या खात्यात कामं दोनच, माल पास करणं आणि माल नापास करणं. भाऊजींचा जीव दुसऱ्या कामात जास्त. रिटायर झाले, शाल-श्रीफळ घेऊन घरी आले, पण पदरच्या पैशाने घेतलेला व्हर्नियर अजून शर्टाच्या खिशात असतो. ताईच्या पोळ्या इतकी वर्षं पास होत आल्या आहेत, पण शेऱ्यासहित. “कडेला जाडी जास्त आहे. चालेल.” या ‘चालेल’वर ताईने संसार केला.

त्यांचा आयुष्यातला मुख्य प्रश्न एकच. “ते सगळं ठीक आहे, पण आत काय आहे?” कुठल्याही वस्तूची बाहेरची बाजू ही लोकांना फसवण्यासाठी केलेली असते, अशी त्यांची श्रद्धा आहे. फ्लॅट बघायला गेले की भिंतीवर टिचक्या मारतात. पुरणपोळी उजेडाकडे धरून पुरण कडेपर्यंत गेलंय का ते पाहतात. भाचीला स्थळ आलं तेव्हा सगळे मुलाचा पगार ऐकून खूश, तर हे म्हणाले, “पगार म्हणजे वरचं कापड झालं. आत काय आहे?” लग्नात स्टेजवर आहेर द्यायला गेले, तेव्हा नवरदेवाचा हात हातात घेतल्यासारखं करून त्याची शेरवानी दोन बोटांनी उलटी केली, अस्तर चिमटीत धरलं आणि खाली येऊन मला हळूच सांगितलं, “पॉलिस्टर. पोराला घाम फुटणार बघ.” व्हिडिओत तो क्षण आला आहे. नवरदेव गोंधळलेला दिसतो.

तर अशा माणसाला लेदरचं जॅकेट घ्यायचं होतं.

त्याला कारण झाली बुलेट. फंडाचे पैसे हातात आले आणि भाऊजींनी बुलेट घेतली. बुलेट घेतली की पुढे लेह आलंच. माणूस भले कात्रजच्या पलीकडे जाऊ नये, पण बुलेटवाल्याच्या बोलण्यात लेह असावं लागतं. मी म्हटलं, “भाऊजी, जानेवारीत लेहला रात्री पारा उणे चौदा-पंधरापर्यंत उतरतो. खिंडी बर्फाने बंद असतात. गाडीवाले जातात ते जून ते सप्टेंबरात. तेव्हा एवढं जाड जॅकेट कशाला?”

त्यांनी माझ्याकडे ट्रेनी इंजिनिअरकडे पाहावं तसं पाहिलं. “जॅकेट जानेवारीचं घ्यायचं आणि जायचं जूनमध्ये. याला फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणतात.”

मग वही निघाली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर श्री, खाली ‘जॅकेट’. दुसऱ्या पानावर थंडीचा इतिहास. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात १.७ अंश तापमानाची नोंद झाली, ही तारीख त्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ आहे. “तेव्हा झालं, उद्या होणार नाही कशावरून?” तिसऱ्या पानावर वारा. “मुद्दा थंडीचा नाहीच मुळी. मुद्दा वाऱ्याचा आहे,” हे वाक्य तो हिवाळाभर आम्ही चहाबरोबर घेतलं. हवेत दहा अंश असले आणि गाडी साठच्या वेगात असली, तर अंगाला पाचच अंश लागतात. शून्यात साठने गेलात तर उणे नऊ. हा तक्ता त्यांनी छापून, लॅमिनेट करून फ्रीजवर चिकटवला.

ताईने तो कणीक मळता मळता वाचला. “अहो, मग साठने जाता कशाला? तीसने जा.”

भाऊजींनी वही मिटली. शास्त्राला घरातून असा विरोध होतच आला आहे.

चौथ्या पानापासून जनावरं सुरू झाली, आणि खरा प्रश्न तिथे आला. भाऊजी पक्के शाकाहारी. संकष्टी, एकादशी, चातुर्मासात कांदा-लसूण बंद. केकमध्ये अंडं असेल या भीतीने नातवाच्या वाढदिवसाला फक्त वेफर्स खाणारा हा माणूस साबुदाण्याच्या खिचडीवर लिंबू पिळत सांगत होता, “मेंढीचं कातडं मऊ, पण पातळ. पॉइंट सात, पॉइंट आठ मिलिमीटर. शोभेचं. बकरीचं हलकं आणि चिवट. पण गाडीवर आपटलो तर साल निघू नये असं पाहिजे असेल तर निदान एक पॉइंट दोन हवं. म्हणजे मग एकतर गायीचं...”

भाऊजींच्या आईंनी, माईंनी, ताटावरून मान वर केली. माईंनी ऐंशी केव्हाच ओलांडली आहे. कान अर्धे गेलेत, पण जे ऐकू येऊ नये ते बरोबर येतं.

“गाय नाही गं माई. म्हैस, म्हैस.”

“म्हशीने काय पाप केलंय?”

यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. माईंनी निकाल दिला, की जॅकेट घ्यायचं तर घे, पण ते देवघराच्या भिंतीला लागता कामा नये, स्वयंपाकघरातून न्यायचं नाही, आणि ते अंगात घालून मला नमस्कार करायला यायचं नाही.

जॅकेट कुठून घ्यायचं याचं संशोधन निराळं. कॅम्पातली दुकानं झाली, मॉल झाले. मॉलमधल्या पोरीने “सर, हे व्हीगन लेदर आहे,” असं कौतुकाने सांगितलं तेव्हा भाऊजींनी कडेचा धागा उसवून बघितला आणि म्हणाले, “बाळ, याला आमच्या वेळी रेक्झीन म्हणायचे. रिक्षाच्या सीटला असायचं.” एका रविवारी जुन्या बाजारात जाऊन आले. तिथे एक खरोखर जुनं, भारी जॅकेट मिळत होतं, पण आतल्या खिशात कोणाचं तरी पॅथॉलॉजीचं बिल सापडलं आणि ते घाबरून परत आले.

या काळात भाऊजींकडून जॅकेटचं जे ज्ञान माझ्या डोक्यात शिरलं ते आता निघता निघत नाही. न्यूयॉर्कच्या अर्व्हिंग शॉटने १९२८ साली मोटारसायकलवाल्यांसाठी चेनचं जॅकेट शिवलं, त्याला आवडत्या सिगारचं नाव दिलं, परफेक्टो, आणि साडेपाच डॉलरला विकलं. त्याची चेन तिरकी असते, कारण गाडीवर वाकल्यावर सरळ चेन पोटात रुतते, शिवाय पुढचे दोन पदर एकमेकांवर येऊन वारा अडतो. अमेरिकेच्या वैमानिकांचं ए-टू जॅकेट १९३१ चं. ते पातळ. उंचावर गारठायला लागले म्हणून मग त्यांना मेंढीचं, आत लोकर तशीच ठेवलेलं, बी-थ्री दिलं. “लोकर आतल्या बाजूला, लक्षात आलं का? मेंढी बाहेर ठेवते, आपण आत ठेवायची.” भाऊजींच्या बोलण्यात अशी काव्यं अधूनमधून येतात, त्यांना पत्ता नसतो.

शेवटी धारावी ठरली. डेक्कन क्वीनने दादर, तिथून मागे सायन, आणि मग सायन-वांद्रे लिंक रोडवरची लेदरची दुकानं. कातडी कमावण्याचे उद्योग धारावीतून बरेचसे गेले, पण शिवणारे हात राहिले. बाहेर काचेच्या दुकानात बॅगा, पाकिटं, जॅकेटं. मागच्या गल्ल्यांत शिवणयंत्रांचा खडखडाट, सोल्युशनचा वास आणि माळ्यावर चढायला शिडी. ऑक्टोबर महिना. मुंबईत ऑक्टोबर हा काय प्रकार असतो हे मी सांगायला नको. आणि भाऊजींनी दादरला उतरल्या उतरल्या बॅगेतून एक अर्धा स्वेटर, त्यावर एक पूर्ण स्वेटर काढून अंगात घातला. “माप स्वेटरवरच द्यायचं असतं. नाहीतर हिवाळ्यात बाही चढत नाही.” सायनला उतरेपर्यंत त्यांचा चेहरा जास्वंदीचा झाला होता. लोकलमधल्या एका बाईंनी मला हळूच विचारलं, “त्यांना ताप आहे का?”

पहिल्या दुकानात भाऊजींनी जॅकेट हुंगलं. दुसऱ्यात कॉलरवर पाण्याचा थेंब टाकून तो शोषला जातो का ते पाहत बसले. तिसऱ्यात काडेपेटी काढली, तेव्हा मालकच काउंटरवरून उडी मारून बाहेर आला. चौथ्यात त्यांनी व्हर्नियर काढला, आणि तिथे त्यांना गुरू भेटला.

तो दुकानाचा मास्टर होता. सत्तरीचा, गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. त्याने व्हर्नियरकडे बघितलं, जॅकेटची कड अंगठा आणि तर्जनीत धरली, डोळे मिटले आणि म्हणाला, “एक दो, एक तीन के बीच में.” भाऊजींनी मोजलं. एक पॉइंट पंचवीस. त्यांनी व्हर्नियर खिशात ठेवला. गिऱ्हाइकाने दुकानदारापुढे इतक्या आदराने हत्यार खाली ठेवलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

भाऊजींची एक इच्छा होती, की कोल्हापुरी चपलेचं चामडं जसं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात, तसं अस्सल देशी चामडं जॅकेटला मिळावं. हल्लीचं क्रोमवालं नको. मास्टर हसला. “साहब, वो चप्पल के लिए ठीक है. उसका जॅकेट बनाऊंगा तो आप बैठ जाओगे, जॅकेट खडा रहेगा.”

मग मास्टरने जे सांगितलं ते भाऊजींनी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. चामड्यात ऊब नसते. चामडं फक्त वारा अडवतं. ऊब असते अस्तरात, आणि अस्तरातही खरी ऊब असते ती त्यात अडकलेल्या हवेची. म्हणून पाठीला आणि छातीला जाड भरणीचं, टिपा मारलेलं अस्तर हवं. बाहीला मात्र साटीनच, गुळगुळीत. “बाही में फर डालोगे तो हात अटकेगा. घर में दस मिनट, शादी में आधा घंटा.” आणि जॅकेट घट्ट शिवायचं नाही, कारण भरण दाबली गेली की हवा गेली, हवा गेली की ऊब गेली. चेनच्या मागे आतून एक पट्टी हवी, नाहीतर चेनच्या दात्यांतून वारा शिरतो. कमरेला आखूड नको, कारण गाडीवर वाकलं की पाठ उघडी पडते आणि गारठा तिथूनच घुसतो.

भाऊजींचे डोळे भरून आले होते. घामही असेल. पण जन्मभर ‘आत काय आहे’ म्हणून विचारत हिंडल्यावर आत हवा आहे असं उत्तर मिळतं, आणि ते पटतं, हा अनुभव लहान नव्हे.

चामडं ठरलं, म्हशीचं, काळं. माप झालं. मास्टरने पोटाचं माप घेताना भाऊजींनी श्वास ओढून धरला, तेव्हा तो टेप तसाच धरून शांतपणे थांबला. शेवटी श्वास सुटला तेव्हा त्याने आकडा लिहिला. अस्तराची भरण कोणती, एवढा एकच निर्णय राहिला, आणि त्यासाठी भाऊजींनी आठ दिवसांची मुदत मागितली.

परत येताना गाडीत मला तीनच पर्याय ऐकू येत होते. पॉलिफिल हलकं, पण बसतं. खोट्या फरला वर्षभरात गोळे येतात. थिन्सुलेट उत्तम, पण ते खरंच थिन्सुलेट आहे हे आत घुसून बघणार कोण? “आत काय आहे ते शिवल्यावर कळत नाही ना रे,” असं ते खंडाळ्याच्या बोगद्यात इतक्या दुःखाने म्हणाले, की समोरच्या माणसाने त्यांना वडा देऊ केला.

हा पेच सुटला तो माईंमुळे. आठ दिवस घरात भरण, भरण ऐकून त्या म्हणाल्या, “लोकर लाव की. माझ्या सासऱ्यांची घोंगडी माळ्यावर आहे. त्यांनी तिच्यात पंढरीच्या किती वाऱ्या केल्या, पावसात सुद्धा पाठ भिजली नाही.”

घोंगडी खाली आली. दख्खनी मेंढरांच्या काळ्या लोकरीची, राठ, कडक. चिंचोक्याची खळ देऊन विणलेली. दोन-तीन ठिकाणी कसर लागलेली, पण बाकी ठणठणीत. भाऊजींनी ती हुंगली, उजेडाकडे धरली, व्हर्नियर लावला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “माई, हे पास आहे.” विनाशेरा पास झालेली ही माझ्या माहितीतली एकमेव वस्तू.

माईंचा हिशेब वेगळाच होता, तो नंतर कळला. लोकरीला विटाळ नसतो. पूर्वी सोवळ्यात धाबळी नेसायचे ती त्याचसाठी. तेव्हा जॅकेटच्या आत घोंगडी असली, तर बाळच्या अंगाला चामडं लागतच नाही, मधे लोकर येते. म्हणजे बाहेरून ओवळं असलं तरी आतून जॅकेट सोवळ्यातलं. “मग नमस्काराला आलास तरी चालेल,” त्या म्हणाल्या, “पण बाह्या काढून.” बाह्यांना साटीन होतं ना.

घोंगडी घेऊन आम्ही पुन्हा धारावीत. मास्टरने तिच्यावरून हात फिरवला. त्याच्याकडे विमानातल्या पायलटसारखं पाहिजे म्हणणारे आले असतील, सिनेमात अमक्याने घातलं तसं पाहिजे म्हणणारे तर रोजच येत असतील. आजोबांची घोंगडी घेऊन आलेला माणूस त्याने पाहिला नसावा. “चुभेगा,” एवढंच म्हणाला. मग घोंगडीवर आतून सुती कापड लावायचं ठरलं. आणि घोंगडीचा भाग चेन लावून वेगळा काढता येईल असा करायचा. भाऊजींना तो धुण्यासाठी पाहिजे होता, माईंना सोवळं निराळं ठेवता यावं म्हणून. एकाच चेनने दोन्ही शास्त्रं सांभाळली.

जॅकेट आलं. भाऊजींनी पहिला पूर्ण दिवस त्याची तपासणी केली. एका इंचात टाके किती, ते भिंग घेऊन मोजले. डावा खिसा उजव्यापेक्षा तीन मिलिमीटर खाली निघाला, त्याची नोंद वहीत झाली. वजन करायला घरातला काटा पुरेना, म्हणून कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे नेलं. सव्वाचार किलो भरलं. रद्दीवाल्याने सवयीने विचारलं, “मराठी पेपरात धरू का?”

त्या हिवाळ्यात भाऊजी पहाटेचं दूध आणायला जॅकेट घालून जात. दुधाचं केंद्र समोरच्याच बिल्डिंगमध्ये आहे, पण मुद्दा थंडीचा नाहीच. सोसायटीतल्या वॉचमनने त्यांना एकदा सलाम केला, त्यावर ते आठवडाभर जगले. सिंहगडावर जॅकेटची चाचणी झाली. पहाटे पाचला बुलेटवर खडकवासल्यापर्यंत ते राजे होते. गाडी आतकरवाडीत लावून पायी चढायला सुरुवात केल्यावर मात्र पहिल्या टप्प्यातच घोंगडीने आपली ताकद दाखवली. वर पोचले तेव्हा त्यांच्या अंगातून वाफा निघत होत्या. पिठलं-भाकरीवाल्या मावशींनी न विचारता त्यांच्यापुढे ताकाचे दोन ग्लास ठेवले. “पास,” भाऊजी धापा टाकत म्हणाले. “ओव्हर-स्पेक आहे, पण पास.”

पावसाळा हा लेदरवाल्यांचा खरा शत्रू. थंडी परवडली. आषाढात कपाट उघडलं तर जॅकेटच्या खांद्यांवर पांढरी बुरशी. त्या दिवशी भाऊजी जेवले नाहीत. तिथून पुढे त्यांचा एक नित्यक्रम झाला तो आजतागायत आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचं नाही, चामड्याला श्वास लागतो. साध्या तारेच्या हँगरला टांगायचं नाही, खांदे पडतात, म्हणून सुताराकडून रुंद खांद्यांचा सागवानी हँगर करून घेतला. त्यावर ताईच्या जुन्या सुती साडीची खोळ. खिशांत बुटांच्या खोक्यांत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या. कोणीही नवे बूट घेतले की पुड्या भाऊजींकडे पोचवायच्या, असा आमच्या सगळ्या नातेवाइकांत अलिखित नियम आहे. घोंगडीच्या भागात कडुनिंबाचा पाला. आणि दर रविवारी जॅकेट सावलीत, वाऱ्याला. उन्हात नाही, चामडं तडकतं. तेवढ्यापुरती बाल्कनीतली एक खुर्ची त्याला दिलेली असते. ताई त्या खुर्चीकडे बघून एकदा म्हणाली, “सासूबाई एक, आणि हे दुसरं.”

लेह राहिलंच. गुडघ्याचं निघालं, मग डॉक्टर, मग बुलेट नातवाच्या कॉलेजात गेली. पण डिसेंबरअखेर सगळ्यांनी मिळून मनालीला जायचं ठरलं, आणि भाऊजींनी कपड्यांच्या बॅगेआधी जॅकेट भरलं. विमानात ते अंगावर घालून बसले, कारण सामानाच्या वजनात ते बसत नव्हतं. सुरक्षातपासणीत चेनमुळे मशीन वाजलं. जवानाने जॅकेट उलटं करून अस्तर दाबत विचारलं, “इसके अंदर क्या है?” भाऊजींना आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न कोणी विचारला होता. त्यांनी इतकं सविस्तर उत्तर दिलं की मागची रांग दुसऱ्या मशीनकडे गेली.

मनालीहून बर्फाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नंबर लावलेली दुकानं आहेत. तिथे रबरी बूट आणि रंगीबेरंगी कोट-पँट भाड्याने मिळतात, आणि ड्रायव्हर गाडी त्याच्या ठरलेल्या नंबरापुढेच थांबवतो. आम्ही सगळे मुकाट्याने त्या कपड्यांत शिरलो. ताईच्या वाट्याला डोळे दिपवणारा गुलाबी आला. भाऊजींनी एक कोट उलटा केला. अस्तर ओलं होतं आणि आतल्या खिशात अर्धं भुजियाचं पाकीट होतं. ते काही बोलले नाहीत. फक्त आपल्या जॅकेटची चेन वरपर्यंत ओढली.

अटल बोगदा ओलांडून सिस्सूला उतरलो तर वारा असा, की डोळ्यांतून पाणी. भाऊजींचा चेहरा उजळला. हाच तो वारा, फ्रीजवरचा. पण म्हशीच्या चामड्याची थंडीशी थेट भेट पहिल्यांदाच होत होती, आणि ते बाह्यांत असं ताठलं की भाऊजींचे हात कोपरात वाकेनात. धड उबेत आणि हात दोन्ही बाजूंना उघडे ठेवलेल्या दारांसारखे. चहाचा कप तोंडाशी नेता येईना. मग गुलाबी कोटातल्या ताईने कप त्यांच्या ओठांना लावला. “घ्या. फुंकून दिलाय.” मी फोटो काढणार होतो, पण ताईने डोळ्यांनीच नको म्हटलं.

माई गाडीतच होत्या. कोणी कोणी घातलेले कपडे अंगाला लावणार नाही, म्हणून त्यांनी भाड्याचा कोट नाकारला होता, आणि शालीत कुडकुडत होत्या. भाऊजी खिडकीपाशी गेले, मोठ्या कष्टाने बाह्यांतून हात सोडवले आणि जॅकेट आईच्या अंगावर पांघरलं. माईंनी एकदा कॉलरकडे पाहिलं, मग अस्तर चाचपलं. सासऱ्यांची घोंगडी सापडल्यावर त्यांनी ते हनुवटीपर्यंत ओढून घेतलं आणि दहा मिनिटांत घोरायला लागल्या. भाऊजी अर्ध्या स्वेटरवर बाहेर उभे राहून, दात वाजवत, ड्रायव्हरला वाऱ्याच्या वेगाचा हिशेब समजावत होते.

ते जॅकेट माईंनी परत दिलेलं नाही. पुण्यात आल्यावर त्यांनी हँगर आपल्या खोलीत मागवून घेतला. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत पहाटे त्या बाल्कनीत जॅकेटात बसून जप करतात. बाह्या खांद्यावरून मोकळ्या सोडलेल्या, म्हणजे साटीन अंगाला लागत नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं तर सांगतात, “वरून कसलंसं आहे, पण आत लोकर आहे हो.” आईकडे जॅकेट परत मागायचं कसं, या प्रश्नावर भाऊजींच्या वहीत काही नाही.

परवा त्यांचा फोन आला. आवाज दबका होता, ताई जवळपास असावी. घोडागाडीच्या सामानाचं चामडं कानपुरात चांगलं मिळतं, तिथे जाऊन माल प्रत्यक्ष हाताळायला हवा, आणि या वेळी बाह्यांना कोपराशी चुण्या घ्यायच्या म्हणजे थंडीत चहा पिता येईल, असं त्यांचं म्हणणं. नवी वही घेतली आहे. अस्तरासाठी दुसरी घोंगडी मिळेल का म्हणून पंढरपुरात कोणी ओळखीचं आहे का, तेही विचारलं. वर म्हणाले, “हिला अजून बोललेलो नाही. तू विषय काढ.”